पुढच्या दारची चूल

विमल, स्वयंपाकघर पुढे बांधलं. तुझं पटलं म्हणून नाही. पटलेलं अजूनही नाही. दर्या समोर, पाऊस समोरून, आणि चुलीची खिडकी बरोबर त्याच्या तोंडावर. या किनाऱ्यावर असं कोणी बांधत नाही. तरी बांधलं. कसं बांधलं ते सांगायला बसलोय.

नंदा पुण्याला परत जाताना हे पॅड ठेवून गेली. तिच्या ओळखीचे कोणी मासिक काढतात, त्यांना तुझ्यावर काहीतरी हवंय. मी म्हटलं, चौथी शिकलेल्या माणसाकडून काय लिहून घेतेस. तर म्हणाली, बाबा, आईशी बोलायचात तसं लिहा. मी तुझ्याशी कसा बोलायचो ते तिला ठाऊक आहे, तरी म्हणाली. मग भांडण आलं तर मला दोष नको.

पेपरात आलं तुझं. 'जिल्ह्यातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट' असं लिहिलंय. 'वंचित समाजातून पुढे आलेल्या' असंही लिहिलंय. कुठल्या समाजातून ते लिहिलं नाही. बौद्धवाडी हा शब्द लिहायला शाई जास्त लागते काय, असं मी नंदाला विचारलं. तू असतीस तर वेगळंच काढलं असतंस. "पयली पयली म्हणतत, मिस्त्री. दुसरी खंय आसा, ता कोण इचारणत नाय." तू हे आधी एकदा म्हणाली होतीस, कुठल्यातरी सत्काराहून येताना, शाल मांडीवर टाकून. म्हणून मला आठवतंय. मी काही तुझ्या तोंडी घालत नाही.

मला रडू आलं नाही. लोक माझ्याकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल. जलदानविधी झाला, भाषणं झाली, माणसं गेली. मी खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या, मंडपवाल्याच्या माणसाला सोपं जावं म्हणून. कशाने गेलीस ते सांगून सांगून कंटाळलो. आता कोणी विचारलं तर 'गेली' एवढंच सांगतो. परवा चिरा बसवताना बोट चेपलं, तेव्हा दुखलंसुद्धा नाही. चुन्यात रक्त दिसलं तेव्हा कळलं. असं चाललंय. जेवतो, झोप येते. सकाळी दोन कप चहा ठेवतो, एक ओततो. दुसरा थंड झाला की तोही मीच पितो, चहा कशाला टाकायचा.

तुझ्या वडिलांनी लग्नात एकच अट घातली होती, मुलगी शिकणार. माझ्या आईला वाटलं शिकणार म्हणजे शिवणकाम. तू मुंबईला आर्किटेक्टच्या कॉलेजात गेलीस आणि मी मागोमाग आलो, विटांच्या कामावर. मला विटा आवडल्या नाहीत. चिरा हातात घेतला की दगड हातात घेतल्यासारखं वाटतं, वीट म्हणजे बिस्कीट. तुला डबा द्यायला कॉलेजच्या फाटकावर यायचो, सिमेंटच्या कपड्यांत. तुझ्याबरोबरच्या मुलींना तू सांगायचीस, "हे मिस्त्री. आणि माझे यजमान पण." त्या हसायच्या, तू नाही. तेव्हापासून मी मिस्त्रीच राहिलो. घरातसुद्धा. ओ मिस्त्री, आंघोळीचं पाणी तापलंय. ओ मिस्त्री, नंदाला ताप आहे.

एक मास्तर तुला म्हणाला होता, तू ड्राफ्ट्समन हो, दुसऱ्यांचे नकाशे चांगले गिरवशील. ते तू मला सांगितलंस तेव्हा मी त्याला भेटायला निघालो होतो. तू चप्पल लपवलीस.

आणि तो तुझा अमेरिकेतला मामा. मी त्याला मामाच म्हणायचो. त्याचं नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही. कुठल्याशा मासिकातून कापलेला त्याचा फोटो तू हॉस्टेलपासून जपलास आणि मालवणच्या बाजारात दुकानाच्या माडीवर ऑफिस थाटलंस तेव्हा बाबासाहेबांच्या शेजारी लावलास. काळा माणूस, कोट, टाय, हातात पेन्सिल. आर्किटेक्ट. गोऱ्यांची मोठमोठी घरं त्याने काढली, पण ज्या वस्तीत ती घरं होती तिथे त्याच्यासारख्याला घर घ्यायची परवानगी नव्हती, असं तू सांगायचीस. मी म्हणायचो, यात अमेरिकेचं काय विशेष, हे तर आपल्या देऊळवाडीत आहे.

होतंच. देऊळवाडीच्या लोकांना आपल्या हातचं पाणी चालत नसे. आपल्या हातचं घर चालायचं.

पहिली काही वर्षं तर तेही चोरून. लोक माझ्याकडे बांधकाम घेऊन यायचे. मी नकाशा दाखवायचो. कोणी काढला विचारलं तर मुंबईच्या इंजिनियरने, असं सांगायचं आपलं ठरलं होतं. तू बाजूला उभी, डोक्यावर पदर, मिस्त्र्याची बायको. मग साइटवर यायचीस आणि ओली साडी काठीला बांधून उभी करायचीस, वारा कुठून कसा फिरतो ते बघायला. दुपारभर. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, मिस्त्रीण इली, कपडे सुकत घालूक. पण त्या घरांत उन्हाळ्यात पंखा लावावा लागत नाही, हे त्यांनाच पुढे कळलं.

बंदरावरच्या हसनभाईंनी पहिल्यांदा तोंडावर विचारलं. नकाशा मी उलगडत होतो आणि समजावून तू सांगत होतीस. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुझ्याकडे. "ह्यो कोणी काढलो?" म्हणाले. तू म्हणालीस, "मी." त्यांनी माझ्यापुढची खुर्ची उचलली आणि तुझ्यापुढे ठेवली. मी उभाच राहिलो. दुसऱ्या दिवशी तू तुझ्या नावाची पाटी रंगवायला दिलीस.

आता पेजेचं सांगतो. हे आपण दोघांनी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घर पुरं झालं, उद्या घरभरणी, भटजी येणार, पूजा होणार, की आदल्या दिवशी दुपारी तू मला घेऊन त्या घरात जायचीस. पिशवीत तपेली, उकडे तांदूळ, मीठ, लोणच्याची फोड. नव्या चुलीत तू विस्तव घालायचीस आणि पेज ठेवायचीस. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहायचो, वर बघत. धुराड्यातून धूर सरळ वर निघाला की मी ओरडायचो, "इलो!" आतून तुझा आवाज यायचा, "मगे येवा आत." मग मी आत जायचो. कोऱ्या भिंती, चुन्याचा वास, आणि आपण दोघं जमिनीवर बसून पेज खायचो. चूल साफ करायची, राख गोळा करून न्यायची, दार ओढायचं. दुसऱ्या दिवशी त्या घरात माणसांचं जेवण व्हायचं. गवंडी म्हणून मला टॉवेल-टोपी आणि नारळ मिळायचा, अंगणात. तुला काहीच नाही, कारण नकाशा मुंबईच्या इंजिनियरचा.

पुढे तुझी पाटी लागली, तुला नारळ मिळायला लागला. तोही अंगणातच. पण पेज तू चालूच ठेवलीस. हसनभाईंकडे तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तुला आत बोलावून, त्यांच्या बायकोच्या बाजूला बसवून जेवायला घातलं. तिथेही आदल्या दिवशी पेज घातली होतीसच. मी म्हटलं, हंय कित्या, हे तर आपल्याक मानतत? तू म्हणालीस, धूर बघूक नको? गॅस आले. कोणी चूल मागेनासं झालं, सगळीकडे ओटा. तरी तू तपेली घेऊन निघालीस. मी विचारलं, "आता धूर खंयचो?"

"वाफ बघतंय," म्हणालीस.

देवगडपासून तारकर्लीपर्यंत जेवढी घरं तू काढलीस, त्या सगळ्यांत पहिला घास आपला आहे. त्या घरांत आता नातवंडं पळतात. एकालाही ठाऊक नाही. एकदा अशीच पेज खाताना मी तुला विचारलं होतं, तुझ्या त्या अमेरिकेच्या मामाने केली काय कधी त्या गोऱ्यांच्या घरात पेज? तू इतकी हसलीस की लोणचं सांडलं. मग सांडलेली फोड उचललीस. "इचारूक होया होता तेका," म्हणालीस.

एकाला ठाऊक होतं. खरं म्हणजे एकीला.

देऊळवाडीतले अण्णा मुंबईची नोकरी पुरी करून आले आणि त्यांनी घर बांधायला काढलं. आदल्या दिवशी आपण पेज ठेवली. मी अंगणात वर बघत उभा. धूर आला, मी ओरडलो, तुझं 'येवा' आलं, आणि मी वळतोय तर फाटकात काकी. अण्णांची बायको. दोन्ही हातांत पितळेची भांडी. तिने मला बघितलं, ओसरीवर चढून दारातून तुझी पाठ बघितली, चुलीवरची तपेली बघितली. भांडी तिथेच ओसरीवर ठेवली आणि गेली. आपण पेज खाल्ली. गार झाली होती.

संध्याकाळी त्यांनी चूल फोडली. आपण ती पेटवली एवढंच काकीने घरात सांगितलं असणार, पेजेचं नाही. दुसऱ्या कोणाला बोलावून नवी घातली, गोमूत्र शिंपडलं, आणि सकाळी पूजा झाली. मला टॉवेल-टोपी मिळाली. मी ती घेतली. घरी येऊन मी बोलत होतो ते तुला आठवत असेल. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू नकाशावरची धूळ झटकत होतीस. म्हणालीस, "नवी चूल कोणी घातली? धूर बघितलो काय तेणी?"

बघितला नव्हता. ज्याने घातली त्याने धुराड्याखालून चूल हातभर बाजूला सरकवून घातली होती. घाईत, आणि कदाचित जुन्या चुलीच्या जागेवर नको म्हणून. धूर वर जायच्या ऐवजी घरात फिरायचा. भिंती काळ्या, देव काळे. काकीचे डोळे कायम लाल. वाडीत लोक म्हणायचे काकीला सासरचं काही दुःख आहे. दुःख कसलं, धूर. तो त्यांनी बरीच वर्षं खाल्ला, पण कोणी बोलायला आलं नाही. मग एक दिवस अण्णा माझ्याकडे आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाता जाता म्हणाले, विमलबाईंना जरा सांगशील काय बघायला.

मी नाही म्हणणार होतो. तू चप्पल घातलीससुद्धा.

तिथे तू अंगणातच उभी राहिलीस. खिडकीतून आत बघितलंस आणि खिडकीतूनच सांगितलंस, चूल डावीकडे घ्या, धुराड्याच्या बरोबर खाली. अण्णा आत-बाहेर करत होते, त्यांना कळेना. कुठे, इथे? नाही, अजून डावीकडे. काकी दारात उभी होती. शेवटी तीच म्हणाली, "आत ये आणि दाखव."

तू म्हणालीस, "आत येतंय. पण पेज रांदून बघूची लागतली."

अण्णांना वाटलं ही काहीतरी आर्किटेक्टची पद्धत असेल. काकीला बरोबर कळलं. ती तुझ्याकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, चला आता घरी. तर काकी आत गेली आणि तांदूळ धुवायची रोवळी घेऊन आली.

"तांदूळ उकडे घालतंस?"

मी चूल हलवली, माती लावली, तू विस्तव केलास. मी अंगणात आलो. धूर सरळ वर गेला, माडाच्या शेंड्यापर्यंत. मी ओरडलो, "इलो!" ओरडलो खरा, आणि मग लक्षात आलं की हे कोरं घर नाही, यात माणसं आहेत, देव आहेत, आणि अण्णांचा भाऊ ओसरीवर सुपारी कातरत बसलाय. आतून काही आवाज आला नाही. मी उभा. मग तू म्हणालीस, नेहमीपेक्षा मोठ्याने, "मगे येवा आत."

मी पाय धुतले आणि गेलो. काकी भिंतीला चिकटून बाजूला झाली. आपण दोघांनी त्या घरात, माणसं राहत असलेल्या घरात, बसून पेज खाल्ली. तू तिला म्हणालीस, काकी, तुम्ही पण घ्या. ती म्हणाली, माझा आज उपास. त्या दिवशी वार कुठला होता ते मी येताना वाटेत आठवत होतो. उपासाचा नव्हता. मी तुला तसं सांगितलं. तू म्हणालीस, "धूर सरळ गेलो मां? झाला तर."

नाही झालं, विमल. मला तेव्हाही वाटलं होतं की नाही झालं. पण तुझा चेहरा बरा होता म्हणून गप्प बसलो.

आता आपल्या घराचं.

जगाची घरं बांधली आणि आपण राहिलो माझ्या आजाच्या मातीच्या घरात. त्यावरून मी किती बोललो असेन. तू म्हणायचीस, काढतेय, काढतेय. यंदा पाऊस उघडला आणि तू नकाशा माझ्यापुढे टाकलास. सगळं आवडलं मला. पडवी आवडली, नंदाची खोली आवडली, पुस्तकांची भिंत ठीक. आणि स्वयंपाकघर पुढे, रस्त्याच्या बाजूला. दारातून आत येणारा आधी चुलीसमोर उभा राहणार, मग घरात जाणार. मी म्हटलं डोकं ठिकाणावर आहे काय. चूल मागच्या अंगाला असते. तू म्हणालीस, "आमच्याकडे जो येतलो, तो आधी चुलीकडे येतलो."

"आणि पाऊस?"

"पाऊस पण येतलो. येवंदे."

आजाच्या घराच्या बाजूलाच मी बाकीचं घर बांधलं, छपरासकट. मागे स्वयंपाकघराला जागा सोडली आणि सांगितलं, इथे म्हणत असशील तर उद्या चिरा लावतो. तू पुढच्या अंगणात चुना टाकून आखणी केलीस आणि सांगितलंस, मी थांबते. मीही थांबलो. चिऱ्यांची थप्पी तुझ्या आखणीच्या मधोमध पडून राहिली. येता-जाता आपण तिच्यावरून बोलत नव्हतो. तू त्या थप्पीवर बसून संध्याकाळी चहा प्यायचीस, मला दिसेल अशी. तुला वाटायचं मी हरेन. मला वाटायचं तू थकशील. आपल्यातलं कोणीच हरलं नाही आणि थकलं नाही, आणि तू गेलीस.

हे भांडण असं अर्धं टाकून जायचं नव्हतं. बाकी मला तुझ्याबद्दल तक्रार नाही.

मयताच्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा वाडीतून पेज येत होती, भात येत होता. एके सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. काकी उतरली. किती म्हातारी झालीय, कंबरेत वाकलीय. हातात कापडात बांधलेली तपेली. देऊळवाडीतून आपल्या दारी मयताची पेज कधी आली नव्हती. पायऱ्या चढायला तिला जमेना, म्हणून ती अंगणातच त्या चिऱ्यांच्या थप्पीवर बसली. मी ताट आणलं. तिने पेज वाढली, मी तिच्यासमोर खाल्ली. मीठ कमी होतं.

"मीठ कमी पडला काय रे, सोनू?"

"होय."

ती हसली नाही. पदराने तोंड पुसलं. "माका त्या दिवशी उपास नाय होतो," म्हणाली.

"तिका म्हायत होता."

तिने मान हलवली. मला वाटतं तिलाही ते ठाऊक असावं. मग मी विचारलं, आणि वाईट हेतूने विचारलं असं नाही, पण चांगल्या हेतूनेही नाही, "आज आसा काय उपास?"

तिने हात पुढे केला. मी घरातून आपली वाटी आणली, तुझी, काठ चेपलेली, आणि तपेलीतली पेज तिला दिली. ती थप्पीवर बसून प्याली. सगळी. अंगणात ऊन आलं होतं, आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. मला काही वाटलं नाही. तुला वाटलं असतं. तू नव्हतीस.

तिने वाटी खाली ठेवली तेव्हा माझं लक्ष गेलं. मी म्हटलं, "काकी, तुमी विमलच्या चुलीकडे बसल्यात."

तिने पायाखाली बघितलं. चुन्याची आखणी थोडी पुसट झालीय, पण दिसते. एक रेघ तिच्या एका पायाच्या पुढून, दुसरी मागून. फाटकातून आत आलेली बाई, दुसरीकडे कुठे न जाता, सरळ तुझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती, पेज प्याली होती.

"चूल खंय आसा?"

"नाय अजून."

"मगे घाल," म्हणाली, आणि उठायला हात मागितला.

दुसऱ्या दिवशी मी ओळंबा काढला. वाडीतली माणसं चिरे उचलून द्यायला आली, लावले मी. वेळ लागला, हात पूर्वीसारखे राहिले नाहीत. नंदा म्हणत होती, पुण्याला चला, स्वयंपाकघर नसलं तरी चालेल, गॅस जुन्या घरात आहे. मी म्हटलं, हे झालं की बघू. बघायचंय असं नाही, पण तिला काहीतरी सांगायला हवं. तुझ्या नकाशाप्रमाणे सगळं केलंय. खिडकी तुझ्या मापाची, धुराडं तुझ्या मापाचं. फक्त छपराचं पाखं हातभर पुढे काढलंय, पावसासाठी. ते नकाशात नव्हतं. पटत नसेल तर भांडायला ये.

काल ते पुरं झालं. उद्या घरभरणी. आपल्याकडे भटजी नाही, बुद्धवंदना घेऊ, वाडीतली माणसं येतील, काकीलाही सांगितलंय. पण आदल्या दिवशीची पेज राहिली होती.

आज दुपारी तपेली घेतली, उकडे तांदूळ घेतले. पेज मी कधी रांधलेली नाही, तुला ठाऊक आहे. पाणी किती ते अंदाजाने घातलं. विस्तव केला, लाकडं थोडी ओली होती. आणि मग कळलं की हे काम एका माणसाचं नाही. आत असलो तर धूर कोण बघणार, बाहेर गेलो तर पेज कोण बघणार. थोडा वेळ चुलीपुढे बसून राहिलो. मग बाहेर गेलो, नेहमीसारखा. अंगणातून दिसेना, पाखं आड येत होतं, माझंच. म्हणून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

रस्त्यावरून तुझी खिडकी दिसते. खिडकीतून चूल दिसते. हे मला माहीत नव्हतं. इतकी घरं झाली, इतकी वर्षं मी बाहेर उभा राहिलो वर बघत, आणि आतली तू मला कधी दिसत नव्हतीस, फक्त ऐकू यायचीस. या घरात दिसली असतीस.

धूर आला. आधी काळा, मग पांढरा, आणि सरळ. मी ओरडलो, "इलो!"

सायकलवरून जाणारा कोणीतरी वळून बघून गेला. मी उभा राहिलो. आत जायला हरकत नव्हती, घर माझंच आहे. पण आतून हाक आल्याशिवाय मी कधी कुठल्या घरात पेजेला गेलेलो नाही, पाय उचलेना. खिडकीत चूल दिसत होती, तपेली दिसत होती, वाफ दिसत होती. वाट बघत होतो असं नाही. नुसता उभा होतो.

मग पेज उतू गेली. विस्तवावर सांडली, चर्र झालं, रस्त्यापर्यंत ऐकू आलं. तेव्हा गेलो आत.